घरातले जुने फोटो, आठवणी आणि वंशावळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रंकभर फोटो आहेत. आधी स्कॅनर घ्यावा का?

नाही, स्कॅनर नंतर. आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसासमोर फोटो घेऊन बसा. चांगल्या कागदावरचा कृष्णधवल फोटो शंभर वर्षं सहज टिकतो. त्यातली माणसं ओळखणारं माणूस तितकं टिकत नाही. फोटो शाबूत आणि नावं गेलेली, अशी अवस्था बहुतेक घरांत आढळते. बिननावाचा फोटो वंशावळीच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी असतो.

पहिल्या बैठकीला पंचवीस-तीस फोटोंपेक्षा जास्त नेऊ नका. लग्नाचे आणि बारशाचे ग्रुप फोटो आधी घ्या, कारण एका फोटोत वीस माणसं मिळतात. प्रत्येक फोटोला एक क्रमांक द्या आणि तो कायम ठेवा. पुढे क्रम बदलावासा वाटेल, पण क्रमांक बदलू नका. वही, रेकॉर्डिंग, स्कॅन आणि वंशावळ या चारही ठिकाणी फोटो याच क्रमांकाने सापडणार आहे.

फोटोच्या मागे लिहायचं कशाने आणि काय?

मऊ पेन्सिलीने, २बी किंवा त्याहून मऊ. फोटो उपडा ठेवून, खाली काच किंवा फरशी घेऊन, कडेच्या पांढऱ्या पट्टीच्या मागच्या बाजूला हलक्या हाताने लिहा. बॉलपेन दाबलं की चेहऱ्यावर वळ उठतो आणि त्याची शाई पुढे खालच्या फोटोवर उतरते. १९७० नंतरच्या प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही. तिथे फोटोवर फक्त क्रमांक टाका, तोही न पसरणाऱ्या पिगमेंट शाईच्या बारीक पेनाने, आणि शाई पूर्ण वाळू द्या. बाकीचा मजकूर पाकिटावर लिहा. पाकिटावर लिहिताना फोटो आत नको.

आता काय लिहायचं. "डावीकडून तिसरी – बाळूची आत्या" असं लिहिलेले फोटो हजारोंनी सापडतात. लिहिणाऱ्याला बाळू माहीत होता, वाचणाऱ्याला नाही. आबा, नाना, अण्णा, माई, अक्का ही नावं तर प्रत्येक घरात प्रत्येक पिढीला असतात. म्हणून पूर्ण नाव, घरात हाक मारायचं नाव, बाईचं माहेरचं नाव आणि आडनाव, गाव, आणि ही ओळख कोणी व कधी सांगितली, इतकं तरी हवंच. शेवटचा तपशील लोक हमखास गाळतात. दोन वर्षांनी दुसरी मावशी दुसरंच नाव सांगते, तेव्हा कोणाचं धरायचं हे त्यावरूनच ठरवता येतं.

"डावीकडून" म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून, हे एकदाच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोठ्या ग्रुपसाठी फोटोवर ट्रेसिंग पेपर हलकेच ठेवून डोक्यांचे आकार गिरवून घ्या. मग फोटो बाजूला करा आणि ट्रेसिंगवर आकडे टाका.

आमच्याकडे एक पिढी सोडून तेच नाव येतं. घोळ कसा टाळायचा?

नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्यामुळे हे होणारच. "गोविंद रामचंद्र" दर दोन पिढ्यांनी परत येतात, त्यांचे वडीलही रामचंद्रच. त्यामुळे नाव ही ओळख धरू नका, प्रत्येक व्यक्तीला वेगळा क्रमांक द्या. छापील कुलवृत्तांतांत पिढीचा आकडा देतात तो याचसाठी. सोबत जन्मसाल, निदान अंदाजे, जोडा. दत्तक गेलेल्या मुलाची नोंद दोन्ही घरांत करा. एका ठिकाणी "दत्तक दिला" आणि दुसऱ्या ठिकाणी "दत्तक आला" असं लिहा, पण व्यक्तिक्रमांक एकच ठेवा. नाहीतर पुढच्या पिढीला दोन वेगळी माणसं दिसतात.

वंशावळीत बायकांची नावंच नाहीत. ती कुठून मिळवायची?

जुनी वंशावळ म्हणजे बहुधा बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या रेघा. मुली "कन्या २" एवढ्यावर आटपलेल्या आणि सुनांचं फक्त सासरचं नाव. ही उणीव भरून काढायला फोटो आणि आठवणीच कामी येतात. कागदपत्रांत शोधायचं तर या जागा बघा :

वारसाचा फेरफार. जमीनधारक वारला की वारसांची नावं फेरफाराच्या नोंदवहीत चढतात. हिंदू वारसा कायदा १९५६ साली आला. त्यानंतरच्या नोंदींत लेकींची नावं बरीच सापडतात, पुष्कळदा सासरच्या आडनावासकट. त्यापाठोपाठ भावांच्या नावे हक्कसोडपत्र झालेलं असतं, आणि त्यात लेकीचं वय आणि सासरचं गावही मिळतं. लेकींचा हक्क सोडवून घेणाऱ्या कागदानेच त्यांची नावं जपली, हा विचित्र योग आहे, पण कामाचा.

लग्नपत्रिका. निमंत्रक, आजोळ आणि नातेवाईक यांची नावं एका कागदावर मिळतात. पत्रिका रद्दीत घालू नका.

रुखवताच्या आणि आहेराच्या वह्या. कोणी काय दिलं याच्या यादीत माहेरची माणसं ओळीने सापडतात.

उखाणे आणि जात्यावरच्या ओव्या. ओवीत भावाचं, माहेरच्या गावाचं नाव गुंफलेलं असतं. आजीला ओवी येत असेल तर ती म्हणतानाच रेकॉर्ड करा. नुसती सांगायला लावलीत तर दोन ओळींनंतर अडते, चालीवर आली की पुढची आपोआप येते.

फोटो कधीचा, हे कसं ठरवायचं?

एका खुणेवर विसंबू नका, तीन-चार खुणा जुळवा. करवती कातरलेल्या पांढऱ्या कडा बहुधा १९५० आणि ६० च्या दशकातल्या. सहा सेंटिमीटरचा चौकोनी छोटा फोटो आग्फा क्लिक थ्रीसारख्या डबा कॅमेऱ्याचा असू शकतो. १२० नंबरच्या फिल्मच्या एका रोलमध्ये असे बारा फोटो निघत. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर पत्ता नीट वाचा. सहा आकडी पिनकोड असेल तर शिक्का १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. डोक्यावर गांधी टोपी असेल तर फोटो साधारण १९२० च्या पुढचा. नऊवारीवरून मात्र काळ ठरवू नका. एकाच फोटोत सासू नऊवारीत आणि सून पाचवारीत असायची.

भिंतीवरची फ्रेम मागून उघडली की पुठ्ठ्याखाली भरणीला घातलेलं वर्तमानपत्र निघतं. त्याची तारीख बघा, फ्रेम त्यानंतर झाली एवढं नक्की होतं. मग तो कागद काढून टाका. वर्तमानपत्रातलं आम्ल फोटो पिवळा करतं.

माणसांना विचारताना "कोणतं साल?" असं विचारलं की उत्तर येत नाही. घटना पुढे ठेवा. पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा हे घर होतं का? कोयनेच्या भूकंपाच्या वेळी (११ डिसेंबर १९६७) हा मुलगा चालायला लागला होता का? बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर? मराठवाड्यात पोलीस ॲक्शन (सप्टेंबर १९४८), मुंबईत गोदीतला स्फोट (१४ एप्रिल १९४४). गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ज्यांची घरं गेली, त्यांच्याकडे त्याआधीचे फोटो नसतात. मग लेकींच्या सासरी चौकशी करा, तिकडे प्रती गेलेल्या असतात.

फोटो जुन्या चिकट अल्बममध्ये अडकलेत. ओढून काढू का?

ओढू नका. १९८० च्या आसपासचे हे अल्बम, पानावर गोंदाच्या रेघा आणि वर पारदर्शक प्लॅस्टिक असलेले, फोटोंचे शत्रूच. गोंद वाळून पक्का होतो आणि प्लॅस्टिक फोटोला धरतं. काही करण्याआधी पान जसंच्या तसं स्कॅन करा. त्यामुळे फोटोंचा क्रमही टिकतो, आणि क्रम हीही माहितीच असते. मग मेण न लावलेला दातांचा फ्लॉस दोन्ही हातांत ताणून फोटोच्या कोपऱ्याखाली घाला आणि करवतीसारखा पुढे-मागे न्या. फोटो सपाट ठेवायचा, वाकवायचा नाही. दोनदा प्रयत्न करूनही सुटत नसेल तर प्लॅस्टिक काढा आणि फोटोभोवती पान कापून पानासकट पाकिटात ठेवा. कुरूप दिसतं, पण फोटो वाचतो.

काळ्या पानांच्या, कोपऱ्यांवर बसवलेल्या अल्बमना हात लावू नका. ते अजून बरे असतात.

फ्रेमच्या काचेला फोटो चिकटलाय.

फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळ्यात तो ओल ओढून फुगतो, काचेला धरतो आणि तसाच वाळतो. रोज ओल्या फडक्याने काच पुसणं, गंध लावणं, हार घालणं यांमुळे काचेच्या कडेने पाणी आत उतरतं, म्हणून देवघराजवळच्या फोटोंचा खालचा कोपरा आधी जातो. चिकटलेला फोटो सोलू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेसकट स्कॅन करा आणि मूळ फोटो काचेसकट जपा. सोडवायचाच असेल तर ते संग्रहालयाचं काम करणाऱ्या संवर्धकाकडे द्या.

पुढे भिंतीवर प्रत लावा, मूळ पेटीत ठेवा. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यामध्ये दोन मिलिमीटरचा माउंट (मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा) घालायला सांगा. पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत आणि समोर ऊन येणारी भिंत टाळा. लॅमिनेशन अजिबात नको, ते परत निघत नाही.

ठेवायचे कशात? डांबरगोळ्या चालतील का?

डांबरगोळ्या नकोत. त्यांची वाफ प्लॅस्टिकवर परिणाम करते आणि वास तर जातच नाही. माळ्यावर उन्हाळ्यात भट्टी होते, जमिनीवरच्या ट्रंकेला ओल आणि वाळवी. घराच्या मधल्या खोलीतलं कपाट, जमिनीपासून फूटभर वर आणि भिंतीपासून चार बोटं पुढे, ही सगळ्यात बरी जागा. प्रत्येक फोटो आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, नाहीतर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या जॅकेटमध्ये ठेवा. पीव्हीसीचं जॅकेट नको. ते ओळखायला सोपं : नवीन रेनकोटसारखा वास येतो.

हवेतली आर्द्रता तीस ते पन्नास टक्के असावी, असं पुस्तकात वाचायला छान वाटतं. कोकणात जुलैत ती नव्वदीवर असते. तिथे झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) हाच उपाय. दहा लिटरच्या डब्याला पन्नास ते शंभर ग्रॅम जेल कापडी पुरचुंडीत घाला, फोटोंना लागणार नाही अशी. निळं जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवलं की परत निळं होतं. डबा भरायचा तो जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत. आषाढात भरलात तर आतली ओल तुम्हीच कोंडून ठेवता आणि बुरशी धरते.

कृष्णधवल फोटोच्या काळ्या भागावर निळसर रुपेरी चकाकी आली असेल तर ती घाण नव्हे. ती चांदी वर आली आहे. पुसू नका.

पुराच्या पाण्यात अल्बम भिजला.

२६ जुलै २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण : तिन्ही वेळा अल्बम गेले ते पुष्कळदा नंतरच्या घाईत. भिजलेले फोटो एकावर एक तसेच वाळले की त्यांची वीट होते, मग ते सुटत नाहीत. म्हणून आधी ओलेच ठेवा. बादलीत स्वच्छ थंड पाणी घ्या, फोटो त्यात बुडवा, पाण्याखालीच एकेक सोडवा. गाळ बोटांनी चोळायचा नाही, पाणी हलवून जाऊ द्यायचा. मग सुती कपड्यावर चेहरा वर करून सावलीत वाळवा. ऊन नको, इस्त्री नको, पंखा थेट अंगावर नको. दोन दिवसांत हे सगळं आवरायचं. रंगीत फोटो आधी, त्यांचा थर लवकर सुटतो.

फोटो खूप असतील आणि हात कमी, तर मध्ये बटरपेपर घालून छोटे गठ्ठे करा, पिशवीत भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. वेळ मिळेल तेव्हा एकेक गठ्ठा बाहेर काढा. काचेच्या निगेटिव्ह मात्र गोठवू नका.

स्कॅनिंगची सेटिंग कोणती?

पोस्टकार्ड किंवा ४ × ६ इंच : ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात तितके ठिपके). पासपोर्ट आणि तिकिटाएवढे : १२००. ८ × १० इंचांच्या वर : ३०० पुरे. ३५ मिलिमीटर निगेटिव्ह : निदान २४००, आणि त्यासाठी मागून प्रकाश देणारा स्कॅनर लागतो. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडमध्ये स्कॅन करा. पिवळेपणा, शाईचे डाग, पेन्सिलीच्या खुणा रंगातच कळतात. धूळ काढणं, धार लावणं, रंग सुधारणं ही आपोआप चालणारी सगळी बटणं बंद करा. धूळ काढणाऱ्या सोयीने कपाळावरची टिकली पुसलेले स्कॅन निघतात.

मूळ प्रत टिफमध्ये, वाटायची प्रत जेपेगमध्ये. ४ × ६ चा एक फोटो ६०० डीपीआयला सुमारे २६ एमबी होतो, म्हणजे पाचशे फोटोंना १३ जीबी. परवडतं. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायची, कोरी असली तरी. कागदावरचं कंपनीचं पुसट नाव नंतर उपयोगी पडतं.

फाइलचं नाव रोमन अक्षरांत आणि रिकाम्या जागा न सोडता द्या : वर्ष, महिना, आडनाव, प्रसंग, फोटो क्रमांक. वर्ष आधी म्हणजे फाइली काळाच्या क्रमाने लागतात. देवनागरी नावं झिप करताना किंवा जुन्या संगणकावर कधीकधी चौकटी होऊन बाहेर पडतात. सविस्तर मराठी मजकूर फाइलच्या आतल्या वर्णनाच्या रकान्यात भरा. डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर त्यासाठी पुरतं.

फोनने फोटो काढला तर?

नातेवाइकांकडे गेल्यावर तोच मार्ग, कारण अल्बम घराबाहेर द्यायला कोणी तयार नसतं, आणि ते बरोबरच आहे. खिडकीशेजारी टेबलावर फोटो ठेवा, दिवे बंद, फ्लॅश बंद. फोन बरोबर समांतर धरा आणि जवळ जाण्याऐवजी थोडं वर राहून दुप्पट झूम करा, म्हणजे कडा फुगत नाहीत. चकाकी येत असेल तर काळा कपडा फोनमागे आडवा धरा. एकेक फोटो दोनदा काढा. परत त्या गावी कधी जाणं होईल, सांगता येत नाही.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ओळख पटवता येईल का?

येते, पण दोन पथ्यं पाळा. आठवड्याला एकच फोटो टाका, डोक्यांवर आकडे घालून, आणि नेमकं विचारा : "चार नंबरच्या बाई कोण?" वीस फोटो एकदम टाकले की वीस अंगठे येतात आणि नाव एकही येत नाही. दुसरं, आलेलं उत्तर सांगणाऱ्याच्या नावासकट त्याच दिवशी वहीत उतरवा. ग्रुपवरचं काही सापडत नाही. फोटो मागवताना "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा. साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं.

आजी-आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत. कसं करावं?

दुपारची झोप झाल्यावर, चहाच्या आधी. पाऊण तास, फार तर तास. फोन विमान मोडवर टाका आणि मांडीवर नको, टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, तोंडापासून हातभर अंतरावर. कॉलरचा माइक असेल तर उत्तमच. पंखा आणि फ्रीज तेवढ्यापुरते बंद. कुकर लावायचा नाही, हे स्वयंपाकघरात आधी सांगून ठेवा. वाव स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं तर तासाला अर्धा जीबी लागतो.

सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि बसलेल्या सगळ्यांची नावं मोठ्याने बोला. मग फोटो हातात द्या आणि "फोटो क्रमांक सतरा" असं स्पष्ट म्हणा. हे एक वाक्य विसरलात तर पुढे ध्वनिफितीत "हा बघ, हा त्याचा धाकटा" एवढंच ऐकू येतं आणि कोण ते कोणालाच कळत नाही. बोटाने दाखवलं की तुम्ही शब्दांत म्हणा : "मागच्या रांगेत, फेटा घातलेले."

"तुमच्या वेळचं सांगा ना" या प्रश्नाला "काय सांगायचं, कष्टच कष्ट" हेच उत्तर येतं. लहान प्रश्न विचारा. पाणी कुठून आणायचात? पहिली चप्पल कधी मिळाली? बाळंतपणाला माहेरी गेलात ते कशाने, बैलगाडीने की एसटीने? सणाला पुरण कोण वाटायचं? उत्तर संपलं असं वाटलं तरी दहा सेकंद गप्प बसा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्यानंतर येते.

लिहून काढताना बोली सुधारू नका. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी जशी कानावर आली तशीच लिहा. निदान पाच-पाच मिनिटांनी काय विषय आहे याची यादी तरी करा, पूर्ण लिखाण पुढे होत राहील.

दोन काकांनी एकच प्रसंग वेगळा सांगितला. खरं कोणाचं?

दोन्ही ठेवा, नावानिशी. वंशावळीच्या तक्त्यात मात्र कागदाने सिद्ध झालेलं तेवढंच पक्क्या शाईत, बाकीचं "सांगोवांगी" म्हणून. "आम्ही मूळचे राजस्थानचे", "पेशव्यांनी गाव इनाम दिला" अशा कथा पुष्कळ घराण्यांत आहेत. त्या कथा म्हणून मोलाच्या आहेत, पुरावा म्हणून नाहीत. इनाम असेल तर त्याचा कागद असतो, आणि तो शोधता येतो.

मागच्या पिढ्यांची नावं कुठल्या दप्तरात मिळतील?

तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जुने सातबारा, फेरफार, कडईपत्रक आणि गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख राज्य शासनाच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलेत. शाळेच्या जनरल रजिस्टरचा प्रवेश-निर्गम उतारा मागा. तिथे जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी प्रवेशाच्या वेळी टाकलेली समजा, अर्धा महाराष्ट्र १ जूनलाच जन्मलाय. मराठवाड्यात निजामकाळातले कागद उर्दूत आहेत. गोव्यात नोंदी पोर्तुगीजमध्ये, आणि देवस्थानांच्या महाजनांच्या (हक्कदार घराण्यांच्या) याद्या घराणी शोधायला फार उपयोगी.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत तुमच्या पूर्वजांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं सापडू शकतं. जाताना मूळ गाव आणि आडनाव पक्कं माहीत हवं, सध्याचं राहतं शहर नाही. पानाचा फोटो घेण्याआधी परवानगी विचारा आणि दक्षिणा द्या. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव भागात हेळवी गावोगाव येऊन वंशावळ वाचतात. ते आले की रेकॉर्डर चालू करा. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांसाठी मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटच्या संग्रहात स्थलांतराच्या नोंदी आहेत, काहींचे फोटोसुद्धा.

जात पडताळणीसाठी हे कागद काढत असाल (अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे पुरावे लागतात), तर फाइल जमा करण्याआधी सगळं स्कॅन करून घरच्या संग्रहात घाला.

कागद मोडीत आहे. त्यातली नाती कशी ओळखायची?

पूर्ण वाचता आलं नाही तरी पाच शब्द ओळखायला शिका. "बिन" आणि "वलद" म्हणजे अमक्याचा मुलगा, "कोम" आणि "जोजे" म्हणजे अमक्याची बायको, "मौजे" म्हणजे गाव. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, त्यामुळे नावं चुकीच्या जागी तुटतात. राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. लिप्यंतर करून घेतलंत तर मूळ कागदाचा फोटो आणि लिप्यंतर करणाऱ्याचं नाव सोबत ठेवा.

शके आणि सन इसवीत कसे बदलायचे?

शकात ७८ मिळवा, पण तारीख १ जानेवारी ते फाल्गुन अखेर या काळातली असेल तर ७९. माघ शुद्ध पंचमी शके १८५० ही १९२९ मधली, १९२८ मधली नव्हे. छापील वंशावळींत ही एका वर्षाची चूक सर्रास असते. संवत्सराचं नाव दिलं असेल तर ताळा करा : शकात १२ मिळवा, साठाने भागा, बाकी हा संवत्सराचा क्रमांक. १८५० ची बाकी दोन, म्हणजे विभव. जुळलं नाही तर आकडा वाचायला चुकलाय.

जुन्या कागदांत शुहूर आणि फसली हे आणखी दोन सन भेटतात. शुहूर सनात ५९९ किंवा ६००, फसलीत ५९० किंवा ५९१ मिळवा. शुहूर सन अरबी शब्दांत लिहितात : "सलास मयातैन व अलफ" म्हणजे तीन, दोनशे आणि हजार, १२०३. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणजे १८०२ चा जून ते १८०३ चा जून.

श्राद्धाची तिथी घरात नक्की माहीत असते, साल नसतं. तिथी आधी लिहून ठेवा, साल मृत्यूनंतरच्या वारस फेरफारावरून जवळपास ठरतं.

वंशावळीच्या सॉफ्टवेअरला फोटो जोडले, पण दुसऱ्या संगणकावर दिसत नाहीत.

जेडकॉम फाइलीत (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याची फाइल) फोटो नसतो, फोटोचा पत्ता असतो. फोल्डर हलवलं की पत्ता चुकतो. वंशावळ आणि फोटो एकाच मुख्य फोल्डरमध्ये ठेवा आणि पाठवताना पूर्ण फोल्डर पाठवा. २०२१ च्या जेडकॉम ७ मध्ये फोटोंसह एकच गाठोडं करायची सोय आहे, तुमचं सॉफ्टवेअर ते वाचतं का हे आधी तपासा. ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि घरगुती कामाला पुरून उरतं. बाईचं मुख्य नाव जन्मनाव ठेवा, सासरचं पर्यायी नाव म्हणून भरा. उलट केलंत तर माहेरच्या झाडावर ती सापडत नाही.

बॅकअप किती?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. घरची हार्ड डिस्क, क्लाउड, आणि बहिणीच्या घरी एक डिस्क. दर दिवाळीला डिस्क लावून दहा-वीस फाइली उघडून बघा. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीवर भिस्त नको. गूगलची मोफत जागा १५ जीबी, आणि खातं दोन वर्षं वापरलं नाही तर आतला मजकूर पुसला जाऊ शकतो. म्हणून खात्यात विश्वासू वारस नेमायची सोय आहे ती भरा.

जुना फोटो रंगीत आणि स्पष्ट करून घ्यावा का?

भिंतीवर लावायला हौस म्हणून ठीक. पण ॲप चेहरा "स्पष्ट" करतं तेव्हा नसलेले डोळे-दात स्वतः बनवतं, आणि शालूचा रंग तर अंदाजानेच भरतं. अशा फाइलीच्या नावातच "rangavlela" असं घाला आणि ती मूळ स्कॅनच्या फोल्डरमध्ये ठेवू नका.

इंटरनेटवर सगळी वंशावळ टाकू का?

हयात माणसांची जन्मतारीख आणि आईचं माहेरचं आडनाव टाकू नका, बँका तेच प्रश्न विचारतात. सोडचिठ्ठी, दत्तक, आत्महत्या अशा गोष्टी वहीत नोंदवा, पण संबंधितांना विचारल्याशिवाय बाहेर काढू नका.

एकाच लग्नाचे दोनशे फोटो आहेत. फेकायचे कोणते?

धुरकट, डोकं कापलेले, तोच प्रसंग तिसऱ्यांदा. पंगतीचे फोटो मात्र फेकू नका. स्टेजवरच्या फोटोंत न आलेली दूरची माणसं तिथे पानावर बसलेली सापडतात. निगेटिव्ह असेल तर फोटो गेला तरी ती ठेवा. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती वेगळ्या डब्यात काढा आणि आधी स्कॅन करा, तो वास सुटला की फिल्म आकसायला लागलेली असते.